नाशिकातली खालची खोली

नाशिकला जाऊन आले म्हटलं की आमच्या गल्लीतल्या बायका पहिलं विचारतात, "रामकुंडावर गेला होतात का? पंचवटी बघितली का?" बघितली, पण घाईघाईत. खरं सांगायचं तर नाशिकात मी सगळ्यात जास्त काय बघितलं असेल तर एका लॉजचा जिना. अरुंद, मध्येच वळलेला, एका अंगाला लोखंडी कठडा. परत येऊन पंधरा दिवस झाले, पण तो जिना डोळ्यांपुढे आला की माझी मान आपोआप खाली जाते. तुमच्यातल्या बऱ्याच जणी तिकडे गेलेल्या नाहीत, म्हणून नाशिकच्या चार गोष्टी सांगते. जिन्याचंही सांगते. ते गाळून सांगितलं तर बाकीचं सगळं खोटं वाटेल मला.

माझ्या संजूचं लग्न ठरलं ते सायखेड्याच्या मुलीशी. सायखेडा म्हणजे नाशिकजवळ गोदावरीच्या काठचं मोठं गाव. मुलीचे वडील भाजीपाला करतात, सगळे त्यांना अण्णा म्हणतात. लग्न नाशिक शहरात करायचं आणि आमचं वऱ्हाड कार्यालयाशेजारच्या लॉजवर उतरवायचं, असं त्यांनीच ठरवलं. आम्ही बार्शीचे. एवढ्या लांब जायचं म्हटल्यावर मला घोर लागला तो आक्काचा.

आक्का म्हणजे माझी मोठी नणंद. तरुणपणी कपाळ पांढरं झालं तेव्हा माहेरी आली ती कायमचीच. मी दुकान सांभाळायची आणि संजूला तिनं वाढवलं. त्याला जन्म तेवढा मी दिला, बाकी सगळं तिचं. परवाच्या साली तिला लकवा मारला. आता डावा पाय ओढत चालते, काठी लागते आणि कुणाचा तरी खांदा लागतो. सपाटीला चालते, पण जिना नाही जमत. खाली बसून उठताही येत नाही, म्हणून साध्या संडासाची पंचाईत. आणि मानी इतकी, की गावाला जायचं असलं तर आदल्या रात्रीपासून पाणी पिणं सोडते. कुणाला सांगायला नको आणि कुणाला उठवायला नको.

म्हणून मी चौकातल्या एसटीडी बूथवरून अण्णांना फोन लावला. आमचे हे म्हणाले, तूच बोल, असलं मला बोलायला जमत नाही. मी मनात चार वेळा घोळवून घेतलं आणि म्हटलं, "अण्णा, एक विनंती होती. आमच्या आक्कांना जिना होत नाही. लॉजवर खालची खोली मिळाली तर बघा, संडास जवळ असलेली. नसली तर तसं सांगा मोकळेपणी. आमची पोरं त्यांना खुर्चीत घालून वर नेतील."

अण्णा म्हणाले, "ताई, विनंती कसली करता? तुम्ही हुकूम करायचा. झालंच समजा."

मी फोन ठेवला आणि ह्यांना म्हटलं, माणूस किती गोड बोलतो बघा.

सिन्नर

आम्ही पहाटे निघालो. आक्का पुढच्या सीटवर, पाठीला उशी. नगर गेलं, संगमनेर गेलं, तोंड कोरडं तरी बाई पाण्याला हात लावीना. सिन्नरला गाडी थांबली तेव्हा उन्हं चांगली वर आली होती. एका बाजूला कारखान्यांच्या शेडा आणि दुसऱ्या बाजूला कांद्याची हिरवीगार रानं. आमच्याकडे ह्या दिवसांत ज्वारी वाळून पिवळी पडते, त्यामुळे एवढं हिरवं बघून डोळे निवले. जीपवाले "नाशिक, नाशिक" ओरडत होते. थंडी मात्र अजून अंगाला झोंबत होती. माघ सरत आला तरी तिकडची थंडी हटत नाही.

तिथं मिसळ खाल्ली. मिसळीबरोबर पापड आणि वाटीत दही. आक्कानं दह्याकडे बघितलं आणि म्हणाली, "सुमे, मिसळीला दही? आजारी हाय का काय ती?" वेटर हसला. म्हणाला, "मावशी, एक घास खाऊन बघा, मग दही तुम्हीच मागाल." खाल्ला, आणि डोळ्यांतनं पाणी आलं तेव्हा दोन वाट्या दही संपवलं तिनं. पाणी मात्र घोटभरच.

पुढे नाशिक रोड. तिथं नोटा छापायचा कारखाना आहे. आमच्या गाडीतले पुरुष लगेच सुरू झाले, ड्रायव्हर जरा थांबव, दोन बंडलं घेऊन येतो, नवरदेवाला खर्च आहे. सरकारी वसाहती, स्वच्छ रस्ते, सायकलवरून कामाला निघालेली माणसं. द्राक्षांच्या हातगाड्या तर कोपऱ्याकोपऱ्यावर. आपल्याकडे चवीपुरती मिळतात ती द्राक्षं तिथं पाटी भरून विकतात.

लॉज

अण्णा फाटकातच उभे होते, पांढरी टोपी, नवं धोतर. आमची गाडी दिसल्याबरोबर त्यांच्या माणसांची जी पळापळ सुरू झाली ती बघून मला कसंतरीच झालं. पाय धुवायला पाणी, चहा, पोह्यांच्या बशा. आम्ही घरी साधी माणसं. दुकानात गिऱ्हाईक चार शब्द सुनावून जातं. आणि इथं माझ्या हातातली पिशवीसुद्धा काढून घेतली.

आक्काची खोली तळमजल्यावर, ऑफिसच्या मागे. सगळ्या लॉजमध्ये तळमजल्याला तेवढी एकच खोली. बाकी खाली जेवणाचा हॉल आणि कोठार. स्वच्छ गादी, नवी चादर, बाजूलाच संडासाचं दार. आणि आत काय, तर एक लाकडी खुर्ची, बैठकीला मधोमध गोल कापलेली, कडा घासून गुळगुळीत केलेल्या, हातांना फडकं गुंडाळलेलं. संडासाच्या भांड्यावर ठेवायची आणि वर खुशाल बसायचं. मी बघतच राहिले. मी तर खुर्चीचा शब्दही काढला नव्हता.

"आक्का, बघ गं, किती विचार केला माणसांनी! सुताराकडनं करवून घेतली म्हणायची."

आक्कानं हातांवरचं फडकं चाचपलं. "नवी न्हाई ही सुमे," एवढंच म्हणाली.

माझं लक्ष कुठं होतं? मी बाहेर येऊन आमच्या बायकांना सांगत सुटले, अशी सोयरीक मिळायला भाग्य लागतं.

तिसऱ्या प्रहरी मी आक्काचे पाय चेपत बसले होते तर दारात एक तरणी बाई उभी. डोक्यावर पदर, आत यायला बिचकत होती. नवरीची धाकटी चुलती होती ती, नाव शोभा.

"आमच्या आत्याबाईंची मिसरीची डबी ऱ्हायली का बघू का? उशीखाली ठिवायची सवं हे त्यांना."

आत्याबाई म्हणजे तिची सासू, अण्णांची आई, नवरीची आजी. मी उशी उचलली. डबी होतीच.

"त्या ह्या खोलीत होत्या?" मी विचारलं.

"व्हय, काल रातच्याला आलो ना आम्ही. मग सकाळी त्यान्ला वर नेलं." बोलून झालं आणि मग तिच्या लक्षात आलं आपण काय बोललो ते. डबी मुठीत घट्ट धरली. "म्हंजी, त्यान्ला वरच बरं वाटतं. हवा लागती."

आक्का उशीवरून उठून बसली. "बाळ, ती खुर्ची त्यांचीच ना?"

शोभा खाली बघत म्हणाली, "अण्णा भावजींनी घरीच बनवली व्हती. आत्याबाईंच्या कमरेचं हाड मोडल्यापास्नं. मी म्हनलं वर न्यू का, तर त्याच म्हनल्या, ऱ्हाऊ दे, पाव्हणीला लागंल."

"आणि वर त्या काय करत्यात?"

शोभा डबी पदराच्या गाठीत बांधायला लागली.

आक्का माझ्याकडे वळली. असा आवाज मी तिचा कधी ऐकला नव्हता. "सुमे, ती म्हातारी सकाळपास्नं पानी पीत नसंल."

दुसरा मजला

मी तो जिना चढले. वळणावर भिंतीला ताजा ओरखडा होता, खुर्चीचा पाय घासलेला. दुसऱ्या मजल्यावर टोकाच्या खोलीत खाटेवर एक बारकीशी म्हातारी टेकून बसलेली. नाकात नथ, हिरवं लुगडं, म्हणजे उद्याच्या लग्नासाठी आज सकाळीच नेसवून ठेवलेलं. बायजाआजी. उशाशी तांब्या भरलेला, वर भांडं पालथं. त्या भांड्याकडे बघून मला कळायचं ते कळलं.

"वरमाय का? या. लय चढावं लागलं तुमाला."

म्हटलं, "आजी, तुम्ही खाली चला. ती खोली तुमची आहे. मला ठाऊक नव्हतं हो."

"आता कुठं खाली? सकाळी चौघांनी धरलं तर वळणावर खुर्ची कलंडली, मला वाटलं गेले. आता मी हलत नाय. पोरं म्हनत्यात उद्या नेतो. मी म्हनलं, नगं. गॅलरीतनं मांडव दिसतो. इथनंच टाकीन दोन अक्षदा नातीवर."

अगदी सहज म्हणाली. रागही नव्हता त्यात. राग असता तर सोसला असता मी. ज्या नातीच्या लग्नासाठी सकाळपासून लुगडं नेसून बसली तिच्यावर वरून अक्षता टाकणार, आणि का, तर मी बूथवरून विनंती केली म्हणून.

मी तडक खाली आले आणि अण्णांना गाठलं. ते मांडवात केळीचे खुंट बांधून घेत होते. म्हटलं, "अण्णा, आजींना खाली आणा. आमच्या आक्काला आम्ही वर नेतो."

त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "ताई, खोलीत काही कमी हे का?"

"कमी काही नाही."

"मग वास येतो का? फिनाईल टाकलं होतं. शोभी काही बोलली का? ए शोभे!"

"नाही हो, ती काही नाही बोलली. खोली आजींची आहे, त्यांना द्या."

"म्हणजे आक्कांना पसंत नाही खोली." हात जोडले त्यांनी. "ताई, दुसरं मोठं हॉटेल हे, लिफ्टवालं. आत्ता बघतो. फक्त रुसू नका. पोरीचं लग्न हे."

मी जितकं सांगावं तितकं ते जास्तच घाबरावेत. विहीणबाई आल्या, डोळ्यांना पदर. त्यांच्या भावकीतली माणसं गोळा झाली. कुणीतरी हळूच म्हणालं, "वरमाय रुसली." ते आमच्या वऱ्हाडात पोचलं. आमचे हे जिन्यातनं धावत आले, "अगं, झालं काय? कशाला काढतेस तू आता?" आमचा एक दूरचा दीर तर खूश होऊन पुढे सरसावला, "वहिनी, काय असंल ते आत्ताच बोलून घ्या, नंतर कोण विचारतंय?"

मी मधोमध उभी. मी मोठी नम्र म्हणून विनंती केली होती. अण्णांनी बोलून दाखवलं होतं, हुकूम करायचा म्हणून, आणि मी ते गोड बोलणं समजले. वरमाईला विनंती करताच येत नाही. ती बोलली की तो हुकूमच, आणि तो परत घ्यायला गेली की रुसवा. लाज मला ह्याची वाटली, की हे मला माहीत होतं. माझ्या लग्नात माझ्या वडिलांनी असेच हात जोडलेले मी बोहल्यावरून बघितले होते. फक्त मला वाटलं होतं, मी तशातली नाही.

तेवढ्यात मागून काठीचा आवाज. आक्का भिंतीला धरत धरत एकटीच बाहेर आली होती.

"अण्णा कोण?" तिनं दरडावून विचारलं.

"मी, आक्कासाहेब."

"मी नवरदेवाची आत्या. मला नव्या जाग्यात एकटीला झोप येत न्हाई. मला सोबत पाहिजे. आन् ती माझ्या वयाची पाहिजे, ह्या पोरीबाळी नकोत, कुजबुजत बसत्यात. नवरीची आजी पाहिजे मला सोबतीला. आत्ताच्या आत्ता. न्हाईतर मी जेवत न्हाई."

अण्णांच्या जिवात जीव आला. खरंच सांगते, चेहऱ्यावर रंगच परतला त्यांच्या. हुकूम आला, आता करायचं काय ते कळलं.

"आत्ता आणतो! ए, चला रे!"

"आन् वळणावर दोघांनी खालून धरायचं. आमची पोरं घ्या. सुमे, संजूला पाठव. नवरदेव असला म्हणून काय झालं, हात मोडल्यात का त्याचे?"

हळदीनं पिवळा झालेला माझा संजू, त्याचे मामा आणि अण्णांचे दोन पुतणे असे चौघं गेले. मी पुढे उलटी पावलं टाकत उतरत होते. बायजाआजीनं डोळे गच्च मिटलेले, संजूचा दंड इतका घट्ट धरलेला की हळदीत तिची बोटं उमटली. वळणावर ती "अगं आई" म्हणाली तेव्हा खाली जमलेल्या सगळ्यांनी माना वर केल्या. ते ओझं माझ्या तोंडच्या एका वाक्यानं वर चढवलं होतं आणि आता इतक्या लोकांदेखत ती दुसऱ्यांदा भीत होती. मला तिच्याकडे बघवेना आणि मान वळवताही येईना.

खोलीत नेऊन बसवल्याबरोबर आक्कानं पहिलं काय केलं असेल तर भांडं भरून तिच्या हातात दिलं.

"प्या आता. खुर्ची हाय तुमची हितंच."

आजीनं भांडं घेतलं. "तुमी प्या आधी. तुमचे ओठ बघा."

मग दोघी पाणी प्याल्या. दोघीही घटाघटा.

मी दार ओढून घेतलं. संध्याकाळभर आतनं हसण्याचे आवाज येत होते. काय बोलत होत्या देव जाणे. मी चहा घेऊन गेले तर दोघी गप्प झाल्या आणि आक्का म्हणाली, "ठिव तिथं."

लग्नाचा दिवस

सकाळी हे म्हणाले म्हणून पंचवटीला जाऊन आले. गोदावरीच्या काठाला भाजीबाजार, गुलाब-झेंडूच्या पाट्या, पाण्यावर धुकं. सुंदर जागा आहे, तुम्ही जाल तेव्हा निवांत जा. मी हात जोडले आणि देवाला काय सांगायचं तेच सुचेना.

तिकडे विहिणीचे पाय धुवायची पद्धत आपल्यासारखीच, पण आपल्याकडे पाणी घालतात तिथं ते दूधपाणी घालतात आणि पावलांवर कुंकवाचं स्वस्तिक काढतात. नवरीची आई माझ्यापुढे बसली, तबकात माझी पावलं घेतली. काल रडून तिचे डोळे अजून सुजलेले होते. मी पाय मागे ओढले, तर तिनं घाबरून वर बघितलं. शेजारी खुर्चीवर आक्का होती. हळूच म्हणाली, "गप बस सुमे. परत रुसलीस म्हणतील." मग बसले गप. दूध गार होतं. पायावरून ते ओघळत होतं आणि मला वाटलं जमीन फाटावी.

मंगलाष्टकं झाली. दोघी म्हाताऱ्या पहिल्या ओळीत, शेजारी शेजारी खुर्च्यांवर. बायजाआजीनं अक्षता जवळून टाकल्या, चांगल्या मूठमूठ. जेवणात मांडे होते. पुरणाचे, पातळ, भल्यामोठ्या घड्या, दुधातुपाबरोबर. आपल्या पोळीची सर त्याला नाही असं आक्का म्हणाली आणि तीन खाल्ले. मला एकही गोड लागला नाही, पण तो दोष मांड्याचा नव्हे.

पाठवणीला अण्णा माझ्यापुढे आले. "ताई, काही कमी-जास्त झालं असंल तर पोटात घाला." सगळेच म्हणतात ते. मी काय घालणार पोटात? मी सरळ बायजाआजीपाशी गेले आणि तिच्या पायांवर डोकं ठेवलं. वरमाईनं नवरीकडच्यांच्या पाया पडायची रीत नाही. मागे कुजबुज झालीच.

आजीनं पाय आखडले नाहीत. माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि वाकून, मला एकटीलाच ऐकू जाईल असं म्हणाली, "खोलीचं काय नाय, माय. खोली मीबी दिली असती. पन मला कुनी इचारलंच नाय. सकाळी चौघं आले न् उचललं. माझ्या पोरीला तेवढं इचारत जा."

मी हो म्हटलं.

परतीला

गाडी सिन्नरच्या पुढे आली. उन्हं कलती झाली होती, कांद्याच्या रानांवर पाणी सोडलेलं होतं आणि वास येत होता ओल्या मातीचा. आक्का पुढे उशीला टेकून घोरत होती. पुरुषांनी पत्ते काढले होते. माझ्या शेजारी खिडकीला मनीषा, माझी सून. शालू, मुंडावळ्या नुकत्या सोडलेल्या, रडून नाक लाल. बाहेर बघत होती. तिचं गाव मागे कुठल्या बाजूला राहिलं ते शोधत असेल.

ऊन सरळ तिच्या तोंडावर येत होतं. माझ्या मनात आजीचे शब्द होते. म्हटलं, सुरुवात आजपासूनच करू. शक्य तितक्या मायेनं विचारलं, "मनीषा, खिडकीपाशी ऊन लागतंय का गं?"

ती चपापली. पटकन पदर सावरून उठून उभी राहिली, चालत्या गाडीत, एका हातानं पुढच्या सीटचा दांडा धरून.

"बसा ना आई, तुम्ही बसा इकडं," म्हणाली. "माझ्या लक्षातच नाय आलं."